टॉवर उभा राहिला म्हणजे योजना संपत नाही

मुंबईतल्या ५८ कापड गिरण्यांकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. कारखाने बंद पडल्यावर अशा जमिनीचे काय करायचे, कुणाला किती द्यायचे आणि काम पूर्ण झाले हे कशावरून ठरवायचे, हे प्रश्न मुंबईसमोर तीस वर्षांहून अधिक काळ आहेत. या काळात काही समजुती इतक्या पक्क्या झाल्या की त्या तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही. त्यातल्या पाच समजुती येथे तपासून पाहू.

गैरसमज १ : गिरणीची जमीन मालकाची, मग त्यातला वाटा शहराने मागायचाच कशाला?

वस्तुस्थिती : १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर अनेक गिरण्या सावरल्याच नाहीत. पण गिरणी बंद पडली म्हणून जमीन आपोआप निवासी किंवा व्यापारी होत नव्हती. ती उद्योगासाठीच राखलेली होती. तिचा वापर बदलण्याची वाट १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने खुली केली आणि त्याच वेळी अटही घातली. जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग पालिकेला मैदाने व सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, घरांसाठी आणि उरलेला मालकाला. नेमके प्रमाण क्षेत्रफळाप्रमाणे बदलत असे. दहा हेक्टरांहून मोठ्या जमिनीत पालिकेला ३३, म्हाडाला ३७ आणि मालकाला ३० टक्के. वापर बदलला की जमिनीची किंमत कित्येक पटींनी वाढणार होती. शहराचा वाटा हा त्या परवानगीचा मोबदला होता.

गैरसमज २ : वाटणीचे हे सूत्र न्यायालयाने मोडले.

वस्तुस्थिती : ते बदलले राज्य सरकारने, २००१ मध्ये. त्या दुरुस्तीनंतर वाटणी संपूर्ण जमिनीची न होता फक्त मोकळ्या जागेची आणि शिल्लक चटईक्षेत्राची होऊ लागली. समजा, दहा एकरांच्या गिरणीत सात एकरांवर शेड आणि इमारती आहेत. पूर्वी दहाही एकर वाटणीत आले असते, आता तीनच. जुन्या गिरण्यांचे आवार बहुतेक बांधकामानेच व्यापलेले असल्याने सार्वजनिक वाटा फार आटला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये, बांधकाम पाडल्यावर रिकामी होणारी जागाही मोकळीच धरावी, असा अर्थ लावला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो निकाल फिरवून दुरुस्ती कायम ठेवली. न्यायालयाने फक्त आधीच लिहिलेल्या नियमाचा अर्थ सांगितला. नियम लिहिणारे मंत्रालयात होते.

गैरसमज ३ : प्रत्येक गिरणीचा आराखडा वेगळा केला तरी शहराच्या पदरी तेवढेच पडते.

वस्तुस्थिती : आकड्यांची बेरीज तेवढीच भरेल, उपयोग तेवढा होत नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा एकत्रित विचार करण्यासाठी राज्य सरकारने १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जमिनी एकत्र धरल्या तर सलग मैदाने, रुंद रस्ते आणि परळ परिसरातल्या स्थानकांभोवती मोकळी जागा मिळू शकते, ही त्यामागची दृष्टी होती. तो एकत्रित आराखडा अमलात आला नाही. प्रत्येक आवाराचा विकास स्वतंत्रपणे झाला. नव्या कार्यालयांतल्या नोकरदारांची गर्दी मात्र त्याच जुन्या अरुंद पुलांवर आणि रस्त्यांवर आली.

गैरसमज ४ : गिरणी कामगारांना घरे मिळाली, तीही फुकट.

वस्तुस्थिती : म्हाडाच्या वाट्यावर बांधलेल्या घरांपैकी दोन तृतीयांश कामगारांसाठी आणि एक तृतीयांश संक्रमण शिबिरासाठी, अशी विभागणी आहे. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती, २०२० च्या सोडतीत ३,८९४. मधल्या सोडती आणि पनवेलजवळच्या कोन येथील घरे धरूनही २०२० पर्यंतची बेरीज सोळा हजारांच्या आत राहते. अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. ही घरे विकत घ्यावी लागतात. २०२० मध्ये २२५ चौरस फुटांच्या घराची किंमत साडेनऊ लाख रुपये होती. अनेक कामगार वाट पाहता पाहता गेले आणि आता त्यांचे वारस कागदपत्रे घेऊन पात्रता सिद्ध करत आहेत. मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी येथे देऊ केलेल्या घरांना कामगार संघटनांनी विरोध केला, कारण ज्या जमिनीवर हा हक्क उभा आहे ती मुंबईत आहे.

गैरसमज ५ : शेड पाडली, चिमणी उतरवली की जमीन स्वच्छ, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की योजना पूर्ण.

वस्तुस्थिती : रंगाई खात्यातली रसायने आणि तेलाच्या टाक्यांची गळती इमारतीबरोबर जात नाही; ती मातीत आणि भूजलात राहू शकते. नियम ५८ जमीनवाटपाचा होता, माती तपासण्याचा नव्हता. दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आले. संशयित जागांची माहिती स्थानिक प्रशासनाने द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी करायची आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा, अशी त्यांची रचना आहे.

भोगवटा प्रमाणपत्र एका इमारतीपुरते असते. योजनेचा शेवट वेगळा लिहून ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या १९९६ च्या कायद्यात तो लिहिलेला आहे. जुन्या औद्योगिक जागेच्या सफाईचा मान्य खर्च विकसकाला वाढीव मालमत्ता करातून परत मिळतो, पण मंजूर योजनेपुरताच, आणि कमाल ३० वर्षे. खर्च वसूल झाला की वाढीव कर नेहमीच्या वाटांनी सार्वजनिक तिजोरीत जाऊ लागतो. अखेरची तारीख आणि रक्कम ठरलेली असल्याने नागरिक हिशेब विचारू शकतात.

मुंबईतही हे अवघड नाही. प्रत्येक गिरणीसाठी एक पान पुरेल. एकूण जमीन किती, पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा किती, ताबा कधी मिळाला, घरे किती बांधली, किती कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या आणि मातीची तपासणी झाली का. ही पाने पालिकेने लोकांसमोर ठेवावीत आणि सगळे रकाने भरेपर्यंत कोणतीही योजना पूर्ण झाली असे म्हणू नये. कामगारांच्या घामावर उभ्या राहिलेल्या गिरण्यांच्या जमिनीचा एवढा हिशेब मागणे हा मुंबईकरांचा हक्क आहे.