पावती खरी आहे, काकू!

साखऱ्यात मला सारे ‘बॅरिस्टर’ म्हणतात. वास्तविक विलायत मी नकाशावरच पाहिली आहे. शिवाय १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानंतर आपल्याकडे बॅरिस्टर आणि वकील हा भेदच उरलेला नाही. पण मुंबईच्या हायकोर्टात काळा कोट घालून उभा राहणारा गावचा पोरगा बॅरिस्टरच असला पाहिजे, हा गावाचा निकाल आहे आणि त्यावर अपील चालत नाही.

माझे काम बँकांचे. बुडीत कर्जे, अफरातफर, रिझर्व्ह बँकेच्या नोटिसा. खुनाच्या खटल्यातली रंगत यात नाही. दिवसभर खतावण्यांचे रकाने जुळवीत बसायचे. ते रकाने जुळले नाहीत म्हणजे कुणाचे काय होते, हे मला गेल्या दिवाळीत सेनगाव तालुक्यातल्या या माझ्या गावीच कळले.

लक्ष्मीपूजनाला काकूंकडे गेलो होतो. पाटावर लक्ष्मीची तसबीर, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे आणि तसबिरीला टेकवून ठेवलेला प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद. आरती झाल्यावर त्यावरचे हळदकुंकू पुसून काकूंनी तो माझ्या हाती दिला.

“बाळा, एवढं बघ बरं. पावती खरी हाय का खोटी?”

तीन लाखांची मुदत ठेव. काका गेल्यावर हळद आणि सोयाबीन विकून, पै पै साठवून नातीच्या लग्नासाठी ठेवलेली. संस्थेच्या दाराला सहा महिने कुलूप होते.

पावती खरी होती. सही खरी, शिक्का खरा. आमच्या धंद्यातली मेख हीच. खोटी नोट दिव्यापुढे धरली की कळते. खऱ्या पावतीमागची रिकामी तिजोरी अशी दिसत नाही. संचालकांच्या गोतावळ्याला कर्जे द्यायची, ती थकली की नवे कर्ज दाखवून जुने फिटल्याचे लिहायचे. कागदावर सारे आलबेल! मुंबईच्या पीएमसी बँकेचे प्रकरण आठवते ना? एका बांधकाम कंपनीचे थकलेले कर्ज झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचा आरोप तक्रारीत होता. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला हजार रुपयेच काढता येत होते.

तरी ती बँक होती. काकूंच्या पावतीवर ‘पतसंस्था’ असे छापले होते.

हा फरक मोठा आहे. १९६० मध्ये आमच्या शेजारची अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, देशभर हलकल्लोळ झाला, आणि त्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला. प्रारंभी विम्याचे संरक्षण १,५०० रुपयांचे होते. पुढे सहकारी बँकाही त्यात आल्या. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंत हमी आहे. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. तिच्यावर देखरेख सहकार खात्याच्या निबंधकाची. अनेक राज्यांत पसरलेली ‘मल्टिस्टेट’ असली तर केंद्रीय निबंधकाची. पण विमा तिथेही नाही. पतसंस्थेने स्वतःला ‘बँक’ म्हणवून घेणेही कायद्याला मान्य नाही. परंतु गावाच्या तोंडी जिथे पैसे ठेवतात ती बँकच!

आणि इथेच माझी मान खाली जाते. तीन वर्षांपूर्वी काकूंचा फोन आला होता. “गावात बँक निघाली, व्याज लई देतात. ठेवू का?” मी कोर्टाच्या जिन्यात होतो. “बँकच आहे ना? मग ठेवा,” म्हणालो आणि फोन बंद केला. अशिलांकडून ज्या फरकाची फी घेतो, तो घरच्या माणसाला फुकट विचारायला मला दोन मिनिटे नव्हती.

ते मी त्या रात्री काकूंना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “झालं ते झालं. आता काय करायचं, ते सांग.”

करण्यासारखे आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. ठेव लबाडीने बुडवणाऱ्याला सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या आणि जबाबदार मंडळींच्या मालमत्तेवर टाच आणून, विशेष न्यायालयामार्फत ती विकून ठेवीदारांना वाटता येते. या वाटेला वर्षे लागतात आणि पुरती रक्कम हाती येईलच असे नाही. हेही मी लपवले नाही.

पाडव्याच्या सकाळी काकूंची तक्रार लिहायला बसलो. बातमी फुटलीच. दुपारपर्यंत ओसरीवर दहा-बारा माणसे, प्रत्येकाच्या हातात तशीच पिशवी, तशीच पावती. एकेकाचे नाव, रक्कम, मुदत लिहून घेता घेता दिवेलागण झाली. फराळाचे ताट तसेच राहिले.

वाचकहो, तुमच्याही कपाटात अशी एखादी पावती असेल. या दिवाळीत ती काढा आणि वरचे नाव नीट वाचा. बँक की पतसंस्था? बँक असेल तर ठेव विमा महामंडळाच्या यादीत आहे का? आणि व्याज इतरांपेक्षा फार जास्त असेल, तर ते कशातून देणार? गावाकडून कुणी फोन करून विचारले, तर जिन्यातून उत्तर देऊ नका.

काकूंची तक्रार दाखल झाली आहे. तारीख पडली की त्या मला फोन करतात. तो फोन मी आता उभ्याने घेत नाही.