अहवालातला सीडी४ चा आकडा

एचआयव्हीचा मुख्य मारा सीडी४ पेशींवर होतो. बाकीच्या रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावणाऱ्या याच पेशी. जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेल्या रक्तातून त्या मोजतात. अहवालातला आकडा असतो एक घनमिलिमीटर रक्तातला. निरोगी प्रौढात तो साधारण ५०० ते १५०० भरतो. उपचार नसतील तर तो घसरत जातो. २०० च्या खाली गेला की एड्सची अवस्था मानतात. मग एरवी निरुपद्रवी असलेली बुरशीही न्यूमोनिया करते. ५० च्या खाली तर सायटोमेगॅलो विषाणूमुळे दृष्टी जाण्याची भीती असते. क्षयरोग मात्र कुठल्याही आकड्याला गाठतो. त्यामुळे ‘माझे ६०० आहेत’ म्हणत खोकला अंगावर काढणे फार धोक्याचे.

एकाच अहवालाने धास्तावूही नये. दिवसाची वेळ, एखादा साधा संसर्ग, एवढ्यानेही आकडा हलतो. बघायचा तो कल. पाच वर्षांखालच्या मुलांत या पेशी मुळातच जास्त असल्याने टक्केवारी पाहतात.

भारतात २००४ मध्ये मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवरणारा औषधोपचार, सुरू झाली तेव्हा अनेकांना गोळ्यांसाठी हा आकडा घसरण्याची वाट पाहावी लागे. २०१७ पासून ती अट गेली, आणि हे फार आधी व्हायला हवे होते. निदान झाले की उपचार. औषध लागू पडते का, हे आता मुख्यतः व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावरून, कळते. उशिरा आलेल्या रुग्णाला कोणत्या संसर्गापासून आधी जपायचे, हे ठरवायला मात्र सीडी४ च लागतो.