फेक शिकवणारे अंगण

वयाबरोबर उंची वाढते, दुधाचे दात पडतात, पण खांद्यावरून चेंडू नेमका फेकण्याचे कसब मात्र तसे आपसूक हाती येत नाही. धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, फेकणे आणि झेलणे यांना ‘मूलभूत हालचाल कौशल्ये’ म्हणतात, आणि स्नायू व मज्जासंस्था यांचा मेळ बसत जाऊन ती अंगवळणी पडण्याच्या प्रक्रियेला ‘कारक विकास’ अशी संज्ञा आहे.

लगोरीच्या डावात हा विकास उघड्या डोळ्यांनी दिसतो. नवखे मूल समोर तोंड करून, पाय जागचे न हलवता, केवळ कोपरातून हात झटकते. मुरलेला गडी आधी अंग तिरपे करतो, फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूचा पाय पुढे टाकतो, आणि मग कमरेतून खांद्यात, खांद्यातून हातात अशी चढत गेलेली गती चेंडूला मिळून ठिकऱ्यांची उतरंड कोसळते. या दोघांमध्ये अंतर असते ते हजारो फेकींचे, आणि त्या फेकींसाठी मोकळी जागा, सवंगडी व घरातून बाहेर पडण्याची मुभा ही तिन्ही लागतात. अभ्यासक कार्ल न्यूवेल यांनी 1986 मध्ये मांडले, की कोणतीही हालचाल शरीर, परिसर आणि हाती घेतलेले काम या तिन्हींच्या मर्यादांतून आकार घेते. इमारतीच्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये, काच फुटण्याच्या धाकाने फेकलेला चेंडू अंग वळवायला शिकवत नाही, तो याचमुळे.

मुलगे आणि मुली यांच्यातील सर्वांत मोठी तफावत फेकीतच आढळते, आणि तीही शरीररचनेत फारसा फरक नसलेल्या कोवळ्या वयात. ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांच्या पाहणीत मात्र ही तफावत अमेरिकी मुलांपेक्षा कमी भरली, त्यामुळे सगळा भार निसर्गावर टाकून मोकळे होता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 146 देशांतील माहितीवरून काढलेल्या अंदाजानुसार 2016 मध्ये 11 ते 17 वयोगटातील सुमारे 81 टक्के मुलांची दिवसाकाठी 60 मिनिटांची अपेक्षित हालचाल होत नव्हती; मुलींमध्ये हे प्रमाण 85, तर मुलग्यांमध्ये 78 टक्के होते. भारताची स्थिती त्या मानाने बरी दिसली, आणि त्याची संभाव्य कारणे म्हणून संशोधकांनी मुलग्यांच्या बाबतीत क्रिकेट, तर मुलींच्या बाबतीत घरकाम पुढे केले. पाणी भरण्याने आणि केर काढण्याने शरीर हलते खरे, पण त्यातून ना फेक येते ना झेल, तेव्हा या आकड्याचे कौतुक बेतानेच केलेले बरे.

डेव्हिड स्टोडन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार कौशल्य आणि सक्रियता एकमेकांना पोसतात: ज्याला चेंडू झेलता येत नाही त्याला डावात कोणी घेत नाही, डावात न घेतल्याने झेल सुधारत नाही, आणि पौगंडावस्थेपर्यंत ते मूल खेळापासूनच दुरावते.

हे चक्र तोडता येईल अशी, अनेक मुलींना तर परवानगी न मागता मिळणारी एकमेव जागा म्हणजे शाळेचे मैदान. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान असावे असे नमूद आहे; ते किती मोठे असावे, याचा आकडा मात्र त्यात नाही.