‘काढूनच टाका’पासून रूट कॅनालपर्यंत

सन २०००च्या सुमारास चाकणजवळच्या इंदुरीसारख्या गावातला दाताचा पेशंट निकाल लावूनच खुर्चीत बसायचा: “डॉक्टर, काढूनच टाका.” रात्रभर ठणकलेल्या दाढेवर लवंग, कापूर, तंबाखूची चिमूट सगळं होऊन गेलेलं असे. भूल द्यायची, दाढ काढायची, बोळा चावून धरायला सांगायचं. काम थोडक्यात आटपे. वेळ खाई ती समजूत. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती घरोघरी. आणि मिश्रीने काळवंडलेल्या हिरड्या घेऊन आलेल्या मावशींना ती सोडा म्हणावं, तर त्यांना मिश्रीशिवाय तोंड धुतल्यासारखंच वाटत नसे.

पुढची लोडशेडिंगची वर्षं आठवली तरी चिडचिड होते. दात कोरायचा एअरोटर कॉम्प्रेसरच्या हवेवर फिरतो. दाढ अर्धी कोरून झालेली असताना लाइट गेली, की हाताने कीड खरवडून तात्पुरतं सिमेंट भरायचं आणि “उद्या या.”

चाकणला २००९मध्ये फोक्सवॅगनचा, २०१०मध्ये महिंद्राचा कारखाना सुरू झाला आणि या भागातल्या दवाखान्यांचं घड्याळ शिफ्टवर चालू लागलं. दुसऱ्या पाळीचा माणूस सकाळी येणार, पहिलीचा संध्याकाळी. रात्रपाळीवाला भूल चढेपर्यंत खुर्चीतच घोरतो. आता दाढ वाचवायची असते, पण रूट कॅनालला दोन-तीन खेपा लागतात. पहिल्या खेपेत ठणका थांबला की माणूस गायब. काही महिन्यांनी तुटलेली दाढ घेऊन येतो, आणि तेव्हा ती काढावीच लागते.

बाहेर बाकावर बसलेल्यांना दिसत नाही ते काम अवजारांचं. धुणं, पाकिटात भरणं, जंतू मारायला ऑटोक्लेव्हच्या वाफेत १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं. तापणं-वाळणं धरलं तर बराच जास्त वेळ. दिवसाला किती पेशंट होतील, हे डॉक्टरच्या हातापेक्षा अवजारांच्या संचांवर ठरतं. २०२०मध्ये करोनाने एअरोटरच्या तुषारांची धास्ती घातली, तेव्हा दोन पेशंटांमधलं अंतर आणखी वाढलं.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे. तरीही पंचविशीतली पोरं येतात, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, आरसा जेमतेम आत जातो. तक्रार असते तिखट सोसत नसल्याची, म्हणजे तोंडाची आग होण्याची. अशा पोराला घाईत उरकता येत नाही. गाल, जीभ, जिभेखालचा भाग बोटाने चाचपून पाहायचा, पांढरा चट्टा दिसला तर तुकडा तपासायला मोठ्या रुग्णालयात धाडायचं, घरच्यांना बोलावून घ्यायचं. बाहेर बाकावर कुरकुर सुरू होते. होऊ द्यावी.