रुळावरचं साल घराचं नसतं

गोरेगावातल्या एका जुन्या घरात माळवदाखाली तुळई म्हणून रेल्वेचा रूळ लावलाय. टॉर्च मारून त्यावरची उठावाची अक्षरं वाचली, साल सापडलं, आणि वहीत लिहून मोकळा झालो की घर त्याच सालचं. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "रूळ कारखान्यातून थेट या घरात आला का?" अख्खं पान खोडावं लागलं. तुमचं पान वाचावं म्हणून हे सांगतोय.

रुळाच्या मधल्या उभ्या भागावर कारखान्याचं नाव, लाटल्याचं साल आणि वजनाचा प्रकार असतो. ते साल म्हणजे रुळाचा जन्म, बस्स. पुढे तो मुख्य मार्गावर कितीतरी वर्षं राहतो, झिजला की कमी वर्दळीच्या मार्गावर किंवा सायडिंगला जातो, आणि शेवटी लिलावात भंगार म्हणून निघतो. म्हणजे तुळई त्या सालाआधी बसलेली नाही, इतकंच ठामपणे म्हणता येतं. घर त्याहून जुनंही असू शकतं. तुळया बदलतात की!

मधला प्रवास झिजेत दिसतो. डोकं एका बाजूनं खाल्लेलं असेल तर रूळ बहुधा वळणावर होता. दोन्ही बाजूंनी असेल तर फिरवून पुन्हा वापरलेला. इंग्लंडमध्ये तर वर-खाली सारखीच डोकी असलेले रूळ केले होते, एक बाजू झिजली की उलटा करायला. पण खालची बाजू बैठकीवर आपटून आधीच खराब व्हायची!

वजन वाचताना जपा. '६० आर' म्हणजे यार्डाला ६० पौंड, मीटरला साधारण ३० किलो. आजचा '६० किलो' रूळ त्याच्या दुप्पट.

गावात कुणालाही विचारा, "मीटरगेज उखडलं तेव्हाचा" म्हणतील. हिंगोलीवरून जाणारा अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. पण या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये त्याच्या बऱ्याच आधीची आहे, आणि घरमालक सांगतात, तुळई तेव्हापासूनचीच.

आणि हो, पडलेला तुकडा 'नमुना' म्हणून पिशवीत टाकू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे. फोटो आणि मोजमाप पुरतं.

माझ्या वहीत त्या घरापुढे आता दोन सालं आहेत, रुळावरचं आणि नमुना ८ मधलं. तुळई त्यांच्या मधे कधीतरी बसली.