गजकर्णाची गोळी: घ्यायची कशी, थांबवायची कधी

एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू झाली की कवठे महांकाळच्या द्राक्षबागांमध्ये माणसं दिवसभर घामाने निथळतात. अंगाला चिकटलेले कपडे, कमरेला सतत ओला राहणारा करदोटा. जांघेत आणि कमरेवर गजकर्ण पसरायला एवढं पुरतं. मग मेडिकलवर मागणी होते, "खाजेची ट्यूब द्या, मागच्यासारखी."

ही ट्यूब आधी समजून घ्या. अशा अनेक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडमुळे खाज आणि लाली दोन दिवसांत ओसरते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. चट्ट्याची गोल कड पुसट झाल्याने डॉक्टरांनाही आजार ओळखणं अवघड जातं. पुढे कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ पडतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. चट्टा मोठा असेल, अनेक ठिकाणी असेल किंवा पुन्हा पुन्हा उठत असेल, तर सहसा पोटातून गोळी लागते.

गोळी काय करते? बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल. टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल ही औषधं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. द्राक्षाच्या भुरी रोगावर फवारतात ते हेक्झाकोनॅझोल इट्राकोनॅझोलच्याच घराण्यातलं. मात्र गजकर्णाची बुरशी राहते कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात, आणि तिथे रक्त पोहोचत नाही. औषध तिथे जातं ते त्वचेच्या तेलातून आणि खालून वर सरकणाऱ्या नव्या पेशींबरोबर. जुना थर झडून नवा यायला साधारण महिना लागतो. म्हणून हा उपचार आठवड्यांचा असतो. पायाच्या नखात बुरशी असेल तर महिन्यांचा.

चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगा: यकृताचा आजार किंवा रोजची दारू, हृदयाचा त्रास, गर्भारपण किंवा अंगावरचं दूध, आणि सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी. हृदय कमकुवत असेल तर इट्राकोनॅझोल टाळतात. कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनबरोबर ते घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. फ्लुकोनॅझोल हे याच घराण्यातलं औषध. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडबरोबर ते घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. नावं पाठ नसतील तर सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या.

घेण्याची रीत औषधागणिक बदलते. इट्राकोनॅझोलची नेहमीची कॅप्सूल भरल्या पोटी, पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची, कारण विरघळायला तिला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची पातळ औषधं किंवा चघळायच्या गोळ्या हे आम्ल मारतात. त्या घ्यायच्याच असतील तर कॅप्सूलनंतर किमान दोन तासांनी. पॅन्टोप्राझोल रोज चालू असेल तर आधीच सांगा. टर्बिनाफिन जेवणाआधी किंवा नंतर, कसंही चालतं. ग्रिसिओफल्विन तुपातेलाच्या जेवणाबरोबर चांगलं शोषलं जातं. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

औषध चालू असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. यकृत दुखावल्याची ही खूण असू शकते. पायांवर सूज, धाप, अंगभर पुरळ किंवा तोंडावर सूज आली तरीही गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. चव गेली तर तेही सांगा, टर्बिनाफिनने असं होतं. उपचार लांबणार असेल तर यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी लागते.

घरातही काम असतं. करदोटा काढून ठेवा. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे, गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवलेले. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचाही उपचार एकाच वेळी करा, नाहीतर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नाही. आपल्याकडे आज पसरलेल्या चिवट गजकर्णामागे मुख्यतः ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी आहे. २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं, आणि तिचे अनेक प्रकार टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. अर्धवट सोडलेला कोर्स, शेजाऱ्याची उरलेली स्ट्रिप, मनाने बदललेली मात्रा यांनी असा चिवटपणा वाढायला वाव मिळतो. फवारणीत औषधाचं प्रमाण आणि काढणीपूर्वीचे दिवस काटेकोर पाळणारा बागायतदार हे सहज समजू शकतो. ठरलेले दिवस भरेपर्यंत गोळी घ्या. पूर्ण कोर्स घेऊनही चट्टा हटला नाही, तर ग्रामीण रुग्णालयात किंवा मिरजेच्या सिव्हिलमध्ये त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि खरवडून तपासणी करता येईल का, ते विचारा. चट्ट्याची खपली कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी अजून आहे की नाही हे बहुतेक वेळा कळतं, आणि पुढचं औषध अंदाजाने द्यावं लागत नाही.