ताऱ्याचा वारा, ग्रहाची शेपटी

सूर्यापासून अखंड वारा वाहतो, हे युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने मांडले, तेव्हा परीक्षकांनी तो लेख निकालात काढला होता. संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही कल्पना पटलेली नव्हती, पण गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी तो छापला. सूर्याच्या वाऱ्याचा पुरावा यानांनी लवकरच आणला. दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत यान कोण पाठवणार?

ते काम ग्रहांनी केले. १९९५ मध्ये मायोर आणि केलो यांना सव्वाचार दिवसांत ताऱ्याला फेरी मारणारा गुरूसारखा ग्रह सापडला आणि पाठोपाठ तसल्या ग्रहांची रीघ लागली. पण खरी गंमत २००३ ची. एचडी २०९४५८ बी हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना साध्या प्रकाशात तारा जेमतेम दीड टक्का मंदावतो. हबल दुर्बिणीने हायड्रोजनच्या अतिनील रेषेत पाहिले तर तब्बल १५ टक्के! ग्रहाचा वायू निसटत होता, आणि काही अणू सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगाने ताऱ्यापासून दूर पळत होते. नुसत्या उष्णतेने एवढा वेग येत नाही. मग ढकलतंय कोण?

एक पक्ष म्हणाला, ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब. २००८ मध्ये दुसरा पक्ष पुढे आला: वाऱ्यातला प्रोटॉन ग्रहाच्या अणूचा इलेक्ट्रॉन हिसकावतो आणि स्वतःच वेगवान हायड्रोजन होऊन पुढे निघतो. म्हणजे दिसतो तो वेष पालटलेला वाराच. मला हे फार चतुर वाटते, पण एकट्या वाऱ्याला सगळे श्रेय देणे घाईचे होईल.

एचडी १८९७३३ बी या दुसऱ्या ग्रहाभोवती एप्रिल २०१० मध्ये असे काहीच दिसले नाही. सप्टेंबर २०११ मध्ये मात्र १४ टक्के घट. आठेक तास आधी ताऱ्यावर क्ष-किरणांचा भडका उडाला होता. भडक्यामुळे की वाऱ्याच्या झोतामुळे, ठरले नाही. २०१५ मध्ये जीजे ४३६ बी या नेपच्यूनएवढ्या ग्रहाची शेपटी दिसली, तिने निम्म्याहून अधिक अतिनील प्रकाश अडवला होता.

वारा किती जवळ येणार, हे ग्रहाच्या चुंबकत्वावर ठरते. ते रेडिओ लहरींतून कळेल म्हणून नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने अशा ग्रहांचा कानोसा घेतला. २००९ मध्ये एचएटी-पी-११ बी कडून क्षीण संकेत आल्यासारखा वाटला. ग्रह ताऱ्याआड जाताच तो नाहीसा झाला. पुढच्या वर्षी पुन्हा तपासले, तर हाती काही लागले नाही.